न दिसणारें दुखणें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत भरलेल्या आजाऱ्यांच्या मेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त यंदा पुष्कळ भाषणें झालीं. कोणीं मंदिराच्या पायाभरणीचा इतिहास सांगितला, कोणीं शाळेचा, कोणीं आपल्या घंटेचा. आणि तें सर्व योग्यच झालें. परंतु आज येथें जी मंडळी जमली आहे तिचा इतिहास कोणत्याहि स्मरणिकेंत सहसा छापला जात नाहीं. आपल्यांपैकीं कांहीं काठीच्या आधारानें आले आहेत, कांहींना मुलांनीं रिक्षांत बसवून आणिलें आहे. आणि कांहीं जण असे आहेत कीं त्यांच्याकडे पाहून पाहणाऱ्यास प्रश्न पडावा, यांना झालें आहे तरी काय? आज मला मुख्यत्वेंकरून या शेवटच्या मंडळींविषयीं बोलावयाचें आहे; कारण गेलीं कांहीं वर्षें मी स्वतः त्यांच्यांतलाच एक आहें.

सन २०१९ च्या पावसाळ्यांत माझ्या कंबरेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली आणि डाव्या पायाकडे जाणारी शीर तिच्याखालीं दाबली गेली. शीर हा आपल्या बोलण्यांतला शब्द. वैद्यकांत तिला मज्जातंतु म्हणतात. औषध, विश्रांति व व्यायाम यांनीं गुण येईना आणि पायांतली शक्ति कमी होऊं लागली, तेव्हां मुंबईंतील एका रुग्णालयांत माझ्यावर शस्त्रक्रिया झाली. ती कुशल हातांनीं झाली. जखम वेळेवर भरून आली, पायांत शक्ति आली, नवीन छायाचित्र पाहून सर्जनसाहेबांनीं समाधान व्यक्त केलें, आणि मींहि मोठ्या आनंदानें उपकारस्तुतीची मिस्सा अर्पण केली. परंतु तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गुडघ्याखालीं एक निराळीच आग सुरू झाली. ती अद्यापि विझलेली नाहीं.

हें दुखणें पूर्वीच्या दुखण्यासारखें नव्हे. कधीं निखाऱ्यावर पाय ठेविल्यासारखें वाटतें, कधीं कंबरेपासून अंगठ्यापर्यंत विजेचा झटका जातो, कधीं तासन् तास मुंग्या चालत राहतात. आणि त्यांतील नवल असें कीं, नडगी हातानें घट्ट दाबून धरिली तर फारसें कांहीं होत नाहीं. पण झग्याची कड तिला हळूच घासली कीं ठिणगी पडते. रात्रीं चादरीचा भार सोसत नाहीं. मिस्साच्या वेळीं चषक उंच धरितांना पाय पेटला तर हात थरथरूं नयेत म्हणून कोपर शरीराशीं घट्ट धरून उभें राहावें लागतें. आपल्यांपैकीं कांहींना वाटलें असेल, फादर फार भक्तिभावानें थांबले आहेत. खरें सांगावयाचें तर, फादर त्या वेळीं दांत आवळून उभे असत.

मग तपासण्या झाल्या. एम्. आर्. आय्. दोनदां झाला, मज्जातंतूंतून विद्युत्प्रवाह कसा वाहतो तेंहि पाहिलें, निरनिराळ्या तज्ज्ञांचीं मतें घेतलीं. प्रत्येक ठिकाणीं उत्तर एकच: “रिपोर्ट चांगला आहे.” हें वाक्य ऐकून मनुष्यास आनंद व्हावयास हवा. पण ज्याचा पाय जळत आहे त्याला तें ऐकतांना असें वाटतें कीं, आपल्यावर कोणी आरोप ठेविला आहे आणि आपली साक्ष कोणींच लिहून घेतली नाहीं. आपल्या गांवची माया मोठी. तिनें तेल पाठविलें, लेप पाठविला, हाडवैद्याचा पत्ता पाठविला. परंतु त्याबरोबर हळूहळू एक कुजबुजहि येऊं लागली, कीं फादरांना काम नको झालें आहे. ती कुजबुज मला लागली; कारण रात्रीं दोन वाजतां मी स्वतःलाहि तेंच विचारीत होतों. हें सर्व माझ्या मनाचें तर नसेल?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं मीं जें वाचलें व डॉक्टरांकडून समजून घेतलें, त्यांतील थोडें आपणांस सांगतों. तें कळल्यानें दुखणें जात नाहीं. पण मनावरचा एक मोठा धोंडा बाजूस होतो.

सरकलेल्या गादीमुळें शीर दाबली जाते व त्यामुळें पायांत कळ जाते, हें मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन सर्जनांनीं १९३४ सालीं जगापुढें मांडिलें. तेव्हांपासून या शस्त्रक्रियेनें असंख्य लोकांना पुन्हा पायांवर उभें केलें आहे. ज्यांना ती सुचविली गेली आहे त्यांनीं माझें भाषण ऐकून घाबरून जाऊं नये. परंतु पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियांनंतर कांहींचें दुखणें मागें राहतें, हेंहि डॉक्टरांना चांगलें ठाऊक आहे. निरनिराळ्या पाहण्यांत हें प्रमाण शेंकडा दहापासून चाळीसपर्यंत सांपडलें आहे. शस्त्रक्रिया कोणती आणि दुखणें मोजलें कसें, यावर तें अवलंबून असतें. कधीं गादीचा तुकडा पुन्हा सरकलेला आढळतो, कधीं शिरेभोंवतीं व्रणाचे तंतु वाढलेले असतात, कधीं शेजारच्या मणक्यांवर अधिक भार पडलेला असतो, आणि कधीं दाब दूर होण्यापूर्वींच शिरेला इजा होऊन गेलेली असते. जेथें कारण सांपडतें तेथें त्याप्रमाणें उपचार होतो. परंतु पुष्कळदां सर्व शोधूनहि दुखण्याशीं जुळणारें असें कांहींच सांपडत नाहीं.

हें कसें घडतें? सतराव्या शतकांतील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनीं वेदनेला घंटेच्या दोरीची उपमा दिली होती. त्यांचा तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६६४ च्या सुमारास, फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध झाला. पायाला चटका बसला म्हणजे खालीं दोरी ओढली जाते आणि वर मेंदूंत घंटा वाजते, असा त्यांचा आशय. ही उपमा आपणां सर्वांच्या मनांत नकळत बसलेली आहे. म्हणूनच घंटा वाजली कीं आपण दोरीपाशीं धांवतों, आणि तेथें कोणी दिसला नाहीं तर म्हणतों, घंटा वाजलीच नाहीं.

परंतु शरीरांतली घंटा इतकी साधी नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळांत, वीअर मिचेल नांवाच्या डॉक्टरांनीं शिरांना गोळी लागलेल्या सैनिकांची शुश्रूषा केली. जखमा भरून आल्या होत्या, तरी कित्येकांचा हात किंवा पाय आगीसारखा जळत असे. ते तो भाग सतत पाण्यानें ओला ठेवीत आणि कोणाचा हलका स्पर्शहि त्यांना सोसत नसे. तीं माणसें रणांगणावर उभीं राहिलेलीं होतीं. त्यांना कोण भित्रीं म्हणेल? पुढें १९६५ सालीं मेल्झॅक आणि वॉल या दोघां शास्त्रज्ञांनीं असा सिद्धांत मांडिला कीं, मज्जारज्जूंत जणूं एक दरवाजा असून तो वेदनेचा निरोप कमी किंवा अधिक वर जाऊं देतो. १९८३ सालीं क्लिफर्ड वूल्फ यांनीं प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविलें कीं, इजेनंतर मज्जारज्जु स्वतःच अधिक हळवा होऊं शकतो. आपल्या उपमेंत सांगावयाचें तर, दोरी कोणीं ओढिली नसतांहि, घंटा इतकी हलकी टांगली गेली आहे कीं वाऱ्याची झुळूकहि तिला वाजविते. मग दोरीचें छायाचित्र कितीहि स्वच्छ निघालें, तरी घंटेचा नाद खोटा ठरत नाहीं.

छायाचित्राच्या मर्यादेविषयींहि एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत, पाठीचें कांहींहि दुखणें नसलेल्या ९८ लोकांच्या कण्याचें एम्. आर्. आय्. काढण्यांत आलें. त्यांपैकीं शेंकडा ३६ जणांच्याच सर्व गाद्या निर्दोष निघाल्या. बाकीचे लोक दोष बाळगून सुखानें हिंडतफिरत होते! म्हणजे दोष दिसतो पण दुखत नाहीं असेंहि घडतें, आणि दुखतें पण दोष दिसत नाहीं असेंहि घडतें. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०२० सालीं वेदनेची व्याख्या सुधारून घेतली, तेव्हां तिच्यासोबत हेंहि स्पष्ट केलें कीं, मनुष्य आपल्याला वेदना होते असें सांगतो तेव्हां त्याच्या सांगण्याचा मान राखिला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादींत, जी २०२२ पासून अंमलांत आली, शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ राहणाऱ्या वेदनेस स्वतंत्र स्थान मिळालें आहे.

बंधुभगिनींनो, आतां मला एक कबुली द्यावयाची आहे. हें सर्व ज्ञान मला माझा पाय जळूं लागल्यानंतर झालें. त्यापूर्वीं मी कसा होतों तें ऐका.

पुष्कळ वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत मी सहायक धर्मगुरु असतां एक बाई मला भेटावयास आली. पहाटेच्या गाडीनें भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला जाणें हा तिचा नित्याचा व्यवसाय. तिच्या कंबरेची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतर तिचा पाय आगीसारखा जळत होता. रिपोर्ट चांगला होता. घरचे म्हणत, काम टाळावयाला निमित्त सांपडलें. मी तरुण होतों, सेमिनरींतून शिकून आलेलों होतों, आणि प्रत्येक दुःखास माझ्याजवळ उत्तर होतें. मीं तिला म्हटलें, “रिपोर्ट चांगला आला आहे तर देवाचे आभार माना. बाकी सारें मनाचें आहे. श्रद्धा वाढवा, म्हणजे दुखणें जाईल.” तिनें पदर सारखा केला, “बरं, फादर,” म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर तिनें माझ्यापाशीं दुखण्याचें नांव काढिलें नाहीं. मला वाटलें, तिचें समाधान झालें.

माझ्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षीं मी तिचें घर शोधीत गेलों. आतां ती म्हातारी झाली आहे. ओट्यावर बसून मोगऱ्याचे गजरे करीत होती. मीं माझी ओळख दिली आणि म्हटलें, “मावशी, मी तुमची क्षमा मागावयास आलों आहें.” कशाबद्दल तें सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. हातांतला गजरा मात्र पुरा केला. मग म्हणाली, “फादर, तुम्ही मला खोटी म्हणालां नाहीं. पण खरी पण म्हणालां नाहीं. दुखणं तर मी सोसलंच. रोज उठून घरांत साक्ष द्यावी लागली, तें सोसवलं नाहीं.”

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं विचारिलें, “मग इतकीं वर्षें कशीं काढलींत?” तेव्हां तिनें आपली रीत सांगितली. “एक गजरा झाला कीं उठायचं, विहिरीपर्यंत जाऊन यायचं, मग दुसरा. बरं वाटलं त्या दिवशीं हौसेनं चार जास्त करायचे नाहींत. वाईट दिवस आला तर एक तरी केल्याशिवाय राहायचं नाहीं.” बंधुभगिनींनो, व्यायामोपचाराच्या तज्ज्ञांनीं मला कित्येक बैठकींत जें शिकविलें तें हेंच होतें. बरें वाटलें म्हणून एका दिवसांत आठवड्याचें काम उरकलें कीं पुढचे चार दिवस अंथरुणांत जातात. आणि दुखतें म्हणून पडून राहिलें कीं शरीराची शक्ति जाते व घंटा अधिकच हळवी होते. म्हणून काम व विश्रांति यांचें माप दुखण्याच्या हातीं न देतां घड्याळाच्या हातीं द्यावें. ही विद्या त्या माउलीनें एकटीनें, कोणाच्याहि विश्वासाशिवाय, ओट्यावर बसून मिळविली होती.

औषधांविषयींहि थोडें बोललें पाहिजे, कारण तेथें पुष्कळ गैरसमज आहेत. शिरेच्या दुखण्यावर नेहमींच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहींत. त्यासाठीं डॉक्टर कधीं गॅबापेंटिनसारखें, मुळांत अपस्मारावर निघालेलें औषध देतात, तर कधीं अमिट्रिप्टिलिनसारखें, मुळांत खिन्नतेच्या विकारावर निघालेलें औषध थोड्या मात्रेंत देतात. चिठ्ठी पाहून कोणी म्हणेल, “हें तर वेडाचें औषध!” तसें नव्हे. तें शिरांतून जाणाऱ्या निरोपांचा गलबला कमी करण्यासाठीं असतें. सर्वांनाच गुण येतो असें नाहीं. झोंप व गुंगी येऊं शकते. आणि तें आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नये. मला त्यानें रात्रींची चार-पांच तासांची झोंप परत दिली. दुखणें गेलें नाहीं. पण रात्र पुन्हा रात्र झाली, हें कांहीं थोडें नव्हे.

आणि एक सूचना आपण सर्वांनीं लक्षांत ठेवावी. जुनें दुखणें म्हणून सगळेंच सोसत बसूं नये. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणें, बसण्याच्या जागेस बधिरपणा येणें, पायांतली शक्ति झपाट्यानें जाणें, यांपैकीं कांहीं झालें तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

आतां धर्मगुरु म्हणून दोन शब्द. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं प्रभूला विचारिलें होतें, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्हीं कारणें नाकारिलीं. कारण शोधणाऱ्यांचा प्रश्नच त्यानें बाजूस सारिला आणि त्या माणसाकडे वळला. ईयोबाचे मित्रहि आपणांस ठाऊक आहेत. ते प्रथम आले तेव्हां सात दिवस व सात रात्रीं त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसून राहिले. त्यांच्या हातून झालेलें सर्वांत चांगलें काम तेंच. पुढें त्यांनीं कारणें सांगावयास आरंभ केला आणि त्याच्या दुःखांत भर घातली. मीं त्या बाईच्या बाबतींत त्यांचीच री ओढिली होती. पहिले सात दिवस मात्र गाळून टाकिले होते.

म्हणून वेदना चांगली आहे असें मी आपणांस सांगणार नाहीं. संत पौलानेंहि आपला कांटा काढून टाकण्याविषयीं देवाजवळ तीन वेळां विनंती केली होती. तशी आपणहि करावी, आणि त्याबरोबर डॉक्टरांकडेहि जावें. मात्र कारण सांपडल्याशिवाय मी जगावयास सुरुवात करणार नाहीं, असा हट्ट मीं सोडिला आहे. दोन वर्षें मी उत्तराची वाट पाहत बसलों होतों, आणि त्या काळांत किती बाप्तिस्मे, किती लग्नें, किती घरांतील मरणें अर्ध्या मनानें केलीं, तें मलाच ठाऊक. आतां दुखणें माझ्याबरोबर येतें. तें येवो, पण जावयाचें कोठें, तें मी ठरवितों.

घरच्या मंडळींस माझी विनंती आहे. ज्याला दुखतें त्याच्याकडे रोज पुरावा मागूं नका. प्रत्येक भेटींत नवा उपाय सुचवूं नका. त्याची टोपली थोडी उचला, त्याच्याबरोबर विहिरीपर्यंत चालून या, आणि “तुझें खरें आहे” एवढें एकदां म्हणा. हें वाक्य औषधाच्या दुकानांत मिळत नाहीं आणि त्याला पैसेहि पडत नाहींत. इतर भाविकांस विनंती अशी कीं, मिस्साच्या वेळीं कोणी गुडघे न टेकतां बसून राहिला तर मागें वळून पाहूं नका. येत्या रविवारपासून मंदिरांत मागच्या दोन रांगांच्या जागीं पाठ असलेल्या खुर्च्या ठेविल्या जातील, आणि मी स्वतः प्रवचन बसूनच करीन. ज्यांना कुजबुज करावयाची असेल त्यांनीं प्रथम माझ्यापासून आरंभ करावा.

पूर्वीं आजाऱ्यांचा अभ्यंग म्हटला कीं घरांत रडारड सुरू होई, कारण तो मरणाच्या दारांत द्यावयाचा संस्कार समजला जाई. १९७२ सालीं पोप सहावे पॉल यांनीं या संस्काराचा विधि नव्यानें ठरवून दिला, तेव्हांपासून हें स्पष्ट झालें कीं तो गंभीर आजारानें पीडलेल्या सर्वांसाठीं आहे. म्हणून आतां येथें जो अभ्यंग देण्यांत येईल तो निरोप नव्हे. ज्यांचे रिपोर्ट वाईट आहेत त्यांना तो मिळेल, आणि ज्यांचे रिपोर्ट चांगले असूनहि ज्यांना उभें राहवत नाहीं त्यांनाहि मिळेल. कोणाचीहि चिठ्ठी तपासली जाणार नाहीं. मला अभ्यंग देण्यासाठीं शेजारच्या धर्मग्रामाचे फादर आले आहेत. मीहि आपल्याबरोबर रांगेंत बसणार आहें.

आपण कोणींहि उठूं नये. आहां तेथेंच बसून राहावें. तेल घेऊन ते आपल्याकडे येतील.